तो वार, ती वार

"आ करा," डॉक्टर म्हणाले. समोरच्या पंचेचाळिशीतल्या गृहस्थांनी जमेल तेवढं तोंड उघडलं. दोन बोटं जेमतेम आत जातील एवढंच ते उघडत होतं. डॉक्टरांनी टॉर्च धरला, लहानशी कात्री आत घातली आणि त्यांच्या डाव्या गालाच्या आतले केस कापले. काळे, राठ, पुरुषाच्या छातीवर असतात तसे केस. ते छातीचेच होते. दीड वर्षापूर्वी कर्करोगामुळे गालाचा आतला भाग काढावा लागला, तेव्हा ती पोकळी छातीवरच्या कातडीनं आणि मांसानं भरली होती. कातडी गालात येऊन रुजली, पण छातीवरचा स्वभाव तिनं सोडला नाही. आजार लवकर सापडल्यानं या गृहस्थांचे किरणोपचार टळले होते. ते झाले असते तर केसही गळून गेले असते.

पुण्यातल्या एका सर्जनच्या ओपीडीत मी हे पाहिलं. या अंकाचा विषय 'देणं' आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मूत्रपिंड, यकृत, डोळे असं ठळक दान आलं होतं. त्या कात्रीनं माझी वाट बदलली. एका जागची कातडी दुसऱ्या जागी जगते कशी? आपल्या अंगावरची पुरत नसेल तर ती कुठून आणतात? आणि जी जखम कशानंच भरत नाही, तिचं काय करतात? ही वाट परळच्या टाटा रुग्णालयाशी, दादरच्या धर्मशाळेशी, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राशी आणि शेवटी बाळंतिणीच्या खोलीशी जाऊन पोचली.

मराठीत 'वार' हा शब्द दोन लिंगांत नांदतो. तो वार म्हणजे घाव. ती वार म्हणजे बाळापाठोपाठ पडणारी. हा लेख त्या दोघांच्या भेटीचा आहे.

काढणं आणि भरणं

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत नुसती गाठ काढून भागत नाही. तिच्या भोवतीचा साधारण सेंटिमीटरभर निरोगी दिसणारा भागही काढावा लागतो, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी तिथवर पोचलेल्या असू शकतात. आपल्याकडे तंबाखूची चिमूट किंवा गुटखा जिथं दाबून ठेवतात, ती गाल आणि हिरडी यांच्यामधली खोबण या रोगाची लाडकी जागा. तिथल्या कर्करोगाला वैद्यकीय ग्रंथांत 'इंडियन ओरल कॅन्सर' असंच नाव पडलं आहे. २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक नोंदींचा अंदाज आहे. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी ओपीडीच्या बाहेरची रांग कमी झालेली नाही.

रोग पसरलेला असेल तर गालाचं अस्तर, हिरडी, जबड्याच्या हाडाचा तुकडा, कधी बाहेरची कातडी आणि मानेतल्या गाठी एवढं सगळं एकाच बैठकीत जातं. मागे उरतं ते आरपार भगदाड. त्यातून लाळ गळते, अन्न बाहेर येतं, शब्द फुटतात. मानेतली मेंदूकडे जाणारी मोठी धमनी उघडी पडली आणि तिच्यावर लाळ झिरपत राहिली, तर ती फुटून माणूस दगावू शकतो. म्हणून हे भगदाड त्याच दिवशी बुजवावं लागतं. "काढायला मला तीन तास लागतात, भरायला पाच," ते सर्जन म्हणाले. मी पाहिलेल्या शस्त्रक्रियेत ते खरंच तसं होतं. रोग काढणारा चमू हात धुऊन बाहेर पडला, तेव्हा दुसरा चमू नुकता कुठे रंगात येत होता.

तरवा आणि कातळ

भरण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. कोकणातल्या वाचकांना ते भाताच्या लावणीवरून लगेच कळतील.

पहिला मार्ग कातडीच्या कलमाचा. मांडीवरून धारदार पात्यानं कागदासारखा पातळ थर सोलून घेतात आणि जखमेवर पसरतात. हा उपटलेला तरवा. त्याच्या सोबत मूळ नाही, माती नाही. पहिले एक-दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो. मग त्याच्यातल्या आणि जखमेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची तोंडं जुळतात आणि पाच-सहा दिवसांत त्याच्यातून रक्त खेळू लागतं. तोवर तो जराही हलता कामा नये. म्हणून त्यावर कापसाची गादी ठेवून टाक्यांनी घट्ट बांधतात. डॉक्टरही शेतकऱ्यासारखंच म्हणतात, "धरलं."

पण तरव्याला चिखल लागतो. कातळावर तो धरत नाही. वरचं आवरण गेलेलं उघडं हाड म्हणजे कातळच. तिथं दुसरा मार्ग घ्यावा लागतो, फ्लॅपचा. फ्लॅप म्हणजे मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट उचललेलं रोप. कातडी, चरबी, स्नायू आणि त्यांना पोसणारी रक्तवाहिनी असं सगळं एकत्र हलवायचं. रक्त तो स्वतःचं घेऊन येतो, म्हणून वाईट जमिनीतही जगतो.

पुण्याची विद्या

ही विद्या आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेत नाक नव्यानं घडवण्याची पद्धत आहेच, पण जगाला ती कळली पुण्यावरून. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानं पुण्याजवळच्या एका देशी वैद्यानं त्याला नाक दिलं. हा वैद्य कुंभार समाजातला होता, असं नोंदी सांगतात. त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

पत्रात कृती बारकाईनं दिली आहे. मेणाचं नाक करून ते कपाळावर सपाट पसरायचं, त्याच्या कडेनं रेघ ओढायची, तेवढी कातडी सोलायची, पण भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. मग ती कातडी वळवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी बसवायची. जोड पक्का राहावा म्हणून पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून एकावर एक पाच-सहा पट्ट्या चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. जोडणारी पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची. तोवर नव्या नाकाला तिच्यातूनच रक्त मिळत राहतं. फ्लॅपचं सारं मर्म त्या एका पट्टीत आहे.

ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात प्लास्टिक सर्जरीचं नवं पर्व सुरू झालं. नाकावरचा कर्करोग काढल्यावर आजही कपाळाची कातडी अशीच वळवून खाली आणतात. मला मात्र त्या पत्रातला कात विसरता येत नाही. ज्या कातानं कुंभारानं जखम सांधली, तोच कात आज सुपारी, चुना आणि तंबाखूबरोबर गुटख्याच्या पुडीत असतो.

छातीचं गालाला, पायाचं जबड्याला

मुंबईत टाटा रुग्णालयाच्या आवारात, समोरच्या फुटपाथवर, चहाच्या टपरीवर ही वाक्यं सहज कानावर पडतात: "छातीचं मांस गालाला लावलंय." "पायाचं हाड काढून जबडा केलाय." नातेवाईक ती शेजारच्या गावाची वाट सांगावी तशी सांगतात.

छातीचा फ्लॅप अमेरिकी सर्जन स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये मांडला आणि भारतात तो अजून हक्काचा आहे. छातीच्या मोठ्या स्नायूचा पट्टा त्यावरच्या कातडीसकट उचलायचा, गळ्याच्या हाडावरून मानेच्या कातडीखालून बोगदा करून वर न्यायचा आणि गालात बसवायचा. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो, एका दिवसात दोन रुग्ण होतात. गर्दीच्या रुग्णालयात याला फार मोल आहे.

जबड्याचं हाड मोठं काढलं असेल तर पायाकडे वळतात. नडगीच्या शेजारचं बारीक हाड आपलं वजन फारसं पेलत नाही. घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा भाग तसाच ठेवून मधला तुकडा त्याच्या धमनीसकट काढतात. करवतीनं दोन-तीन ठिकाणी कापून त्याला जबड्याचा बाक देतात, पट्टी आणि स्क्रूंनी बसवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पायाची धमनी मानेच्या धमनीला आणि शीर शिरेला जोडतात. वाहिन्या दोन-तीन मिलिमीटरच्या आणि टाक्याचा धागा केसाहून बारीक. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये जबड्यासाठी ही रीत दाखवली. आज महाराष्ट्रातल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ती रोजची झाली आहे.

खरी परीक्षा त्या रात्री वॉर्डात असते. नर्स ठरावीक वेळानं टॉर्च घेऊन येते. फ्लॅप गुलाबी आहे का, बोटाला ऊब लागते का, दाबल्यावर फिका पडून पुन्हा रंग भरतो का, हे बघते. शंका आली तर सुई टोचतात. लाल, ताजा थेंब आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. काळपट रक्त भराभर आलं तर शीर तुंबली आहे. काहीच आलं नाही तर धमनी बंद. दोन्ही वेळा रुग्णाला पुन्हा टेबलावर न्यायचं आणि तेही लगेच.

पाव्हणं मांस

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयाच्या उपचारांसाठी आलेली माणसं राहतात. संध्याकाळी जिन्याजवळ एक मावशी मिक्सरमध्ये डाळ-भात फिरवत होत्या. परभणीकडच्या. नवऱ्याचा जबडा काढला होता. नाकातल्या नळीतून घालायचं म्हणून त्या डाळ-भात अगदी पाण्यासारखा करत होत्या.

"ताई, डॉक्टर म्हणले, पाव्हणं मांस लावलंय, त्याला जपा," त्या म्हणाल्या. "चार म्हैने जपलं. मंग शेक दिला अन् मानेला भोक पडलं बघा. पाणी येतंय."

'शेक' म्हणजे किरणोपचार आणि 'पाणी' म्हणजे लाळ. मावशींनी मला ड्रेसिंगचं सामान दाखवलं: सलाइनची बाटली, जाळीचं कापड, हातमोजे, सगळं एका स्वच्छ पिशवीत. नवऱ्यानं मान वळवून परवानगी दिली. कानाखाली रुपयाएवढं छिद्र होतं. भोवतीची कातडी लाकडासारखी कडक, तांबूस-काळी. मावशी दिवसातून तीनदा तिथलं कापड बदलत होत्या. हात थरथरत नव्हता.

शेकानंतरची जखम का भरत नाही, हे समजून घ्यायला हवं. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर साधारण ६० ग्रे इतकी किरणमात्रा सहा आठवड्यांत ३० हप्त्यांनी देतात. उरल्यासुरल्या रोगपेशी मरतात, पण वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्यांचीही भिंत जाड होते आणि पोकळी अरुंद होत जाते. हे वर्षानुवर्षं चालतं. पाणी आटलेल्या जमिनीसारखी ती जागा होते. प्राणवायू कमी पोचतो, नवा मऊ लाल कोंब फुटत नाही, जंतूंना मात्र फावतं. त्यात मधुमेह असला, तोंडानं खाता येत नसल्यानं अंगातली प्रथिनं घटली असली की जखम महिनोन्महिने तशीच राहते.

अशा वेळी आधी जखमेचा तुकडा तपासायला पाठवतात, कारण न भरणाऱ्या जखमेच्या तळाशी रोग परत आलेला असू शकतो. तो नसेल तर मेलेला भाग खरवडून काढतात, पोषण वाढवतात, साखर आटोक्यात आणतात. छिद्र मोठं असेल तर दुसरा फ्लॅप आणावा लागतो. पण वरवरची पसरट जखम, शेकानं सोललेली कातडी, मांडीवरून थर काढल्यावर मागे राहिलेली चरचरती जागा, कलम लावण्याआधी तयार करायचा तळ, अशा ठिकाणी हवं असतं हलकं, जिवंत स्वभावाचं पांघरूण. इथं ती वार येते.

नाळ पुरली तिथं

"तुझी नाळ काय तिथं पुरलीय का?" असं आपण सहज म्हणतो. खेड्यांत वार आणि नाळ परसात खड्डा करून पुरायची, वर दगड ठेवायचा, हे आपल्या आज्यांनी केलेलं आहे. माणूस जिथला, त्या मातीत त्याचं पहिलं काही तरी जावं, अशी त्यामागची भावना. आता बाळंतपणं रुग्णालयात होतात आणि वार जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते.

बाळ नऊ महिने ज्या पाण्यात असतं, त्या पाण्याच्या पिशवीला आतून एक पापुद्रा असतो. इंग्रजीतल्या 'अ‍ॅम्निऑन' या नावानं तो डॉक्टरांच्या बोलण्यात येतो. उकडलेल्या अंड्याच्या टरफलाआत निघतो तसा, दुधी, पारदर्शक. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. एकेरी पेशींचा थर, त्याखाली मजबूत पायापटल आणि कोलॅजनचं जाळं. दुसऱ्याच्या अंगावर ठेवला तर शरीर त्याच्यावर फारसं चिडत नाही, कारण आईच्या पोटात परक्या जिवाभोवती राहण्यासाठीच तो घडलेला असतो. जखमेवर तो बसला की उघडी मज्जातंतूंची टोकं झाकली जातात आणि वेदना थांबते. द्रव झिरपून जाणं कमी होतं, जंतूंची वाट अडते, पेशींना वाढवणारी द्रव्यं तळाला मिळतात. खालून नवी कातडी सरकत आली की तो सुकून आपोआप गळून पडतो. कायमचा राहायला तो येतच नाही.

हे जगाला कळून शतक उलटलं. १९१० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जे. डब्ल्यू. डेव्हिस यांनी कातडीच्या रोपणासाठी असे पापुद्रे वापरले. पण ओला पापुद्रा टिकत नाही आणि एका माणसाचे जंतू दुसऱ्याला देण्याची भीती असते. एड्सच्या काळात ती फार वाढली. टिकाऊ आणि निर्जंतुक पापुद्रा हवा होता, आणि गरिबाला परवडेल असा. त्याचं उत्तर मुंबईत मिळालं.

परळ ते ट्रॉम्बे

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि १९६२ मध्ये केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आलं. कर्करोगाचं रुग्णालय अणुऊर्जेच्या घरात का, असा प्रश्न अनेकांना पडतो. किरणोपचार हे एक उत्तर. दुसरं उत्तर १९८८ मध्ये उभं राहिलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीनं टाटा रुग्णालयात टिश्यू बँक सुरू झाली. डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती उभी केली आणि अनेक वर्षं चालवली. गोठवून सुकवलेला, किरणांनी निर्जंतुक केलेला पापुद्रा जखमेवर कसा काम करतो, याची तपासणी त्यांच्या २००४ च्या शोधनिबंधात आहे.

काम कसं चालतं ते असं. बाळंतपणाआधी आईची संमती घेतात, आजारांचा इतिहास विचारतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्यासाठी रक्त तपासतात. वार पडली की पिशवीचा पापुद्रा हातानं हळूच सोडवतात. रक्ताचा डाग राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा धुतात, सौम्य जंतुनाशकातून काढतात. मग जाळीदार कापडावर सुरकुती न पडू देता पसरतात. पापड वाळत घालताना बायका कडा सारख्या करतात ना, तितक्या निगुतीनं. पुढे तो गोठवतात आणि निर्वात यंत्रात ठेवतात. तिथं बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते, म्हणून पापुद्र्याची वीण विसकटत नाही. सुकलेला पापुद्रा मापात कापतात, पाकिटात सीलबंद करतात.

ही पाकिटं निर्जंतुक करण्यासाठी गॅमा किरणांखाली जातात. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'आयसोमेड' प्रकल्प १९७४ मध्ये सुरू झाला. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या गॅमा किरणांनी टाके, सुया, बँडेज निर्जंतुक करण्यासाठी तो उभारला होता. टाटाच्या टिश्यू बँकेला त्याचा आधार मिळाला. मात्रा असते २५ किलोग्रे, म्हणजे २५,००० ग्रे. मावशींच्या नवऱ्याला सहा आठवड्यांत मिळालेल्या मात्रेच्या चारशे पटींहून अधिक. पाकीट न उघडता किरण आरपार जातात आणि आतले जंतू मारतात. पापुद्रा किरणोत्सर्गी होत नाही. नंतर तो फ्रिजशिवाय, साध्या कपाटात टिकतो. ज्या तालुक्याच्या दवाखान्यात वीज सारखी जाते, तिथंही तो वापरता येतो.

असं एक पाकीट मी हातात घेतलं. आत पिवळसर, कुरकुरीत, कांद्याच्या पापुद्र्यासारखं काही होतं. सलाइनचे थेंब पडले आणि ते मऊ होऊन कापडाला बिलगलं. ज्या किरणांनी कातडी करपते, त्याच किरणांनी हे पांघरूण शुद्ध होतं. एकाच शक्तीची दोन कामं. फरक एवढाच की एकीकडे ती जिवंत माणसावर मोजून-मापून घातलेली असते आणि दुसरीकडे त्याच्यासाठी आणलेल्या वस्तूवर.

हाडाचा उसना तुकडा

टिश्यू बँकेत हाडही असतं. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून टाकावा लागतो. रुग्णानं संमती दिली तर तो गोळा धुऊन, सुकवून, किरणांखालून काढून ठेवतात. गुडघ्याजवळच्या हाडात वाढणारी एक गाठ असते, बहुतेकदा तरुण वयात येणारी. ती खरवडून काढली की हाडात पोकळी राहते. तिथं उसन्या हाडाचे तुकडे भरतात. आपलं हाड हळूहळू त्यांना पोखरत, त्यांच्याच चौकटीवर नवं हाड रचत जातं. शेवटी उसनं काय नि आपलं काय, हे सांगता येत नाही.

हाडाच्या बाबतीत आणखी एक रीत आहे. हाडाच्या काही कर्करोगांत गाठीसकट हाडाचा तुकडा काढतात, त्यावरची गाठ खरवडतात, तुकडा निर्जंतुक कापडात गुंडाळून किरणोपचाराच्या यंत्राखाली नेतात. एकाच वेळी ५० ग्रे देतात. रोगपेशी मरतात. मग तेच हाड परत आणून पट्ट्या-स्क्रूंनी त्याच जागी बसवतात. हे सगळं होईपर्यंत रुग्ण भुलीखाली टेबलावरच असतो. लाखोंचा कृत्रिम सांधा न परवडणाऱ्या घरातल्या मुलाला स्वतःचंच हाड परत मिळतं, मापात तंतोतंत.

हे कुणाचं?

बाजारात आणखीही जैविक पांघरुणं मिळतात. तोंडातली लहान जखम झाकायला कोलॅजनची पातळ चकती लावतात. ती बहुधा गाई-म्हशींच्या ऊतींपासून केलेली असते. पेशी काढून टाकलेली माणसाची किंवा डुकराची कातडी परदेशात स्तनाच्या पुनर्रचनेत सर्रास वापरतात. आपल्याकडे तिची किंमत बहुतेकांना पेलत नाही, म्हणून पाठीचा स्नायू वळवून आणणं अधिक चालतं. इथं डॉक्टरांकडून एक गोष्ट व्हायलाच हवी: कशापासून केलेलं काय लावतो आहोत, हे रुग्णाला त्याच्या भाषेत आधी सांगणं. एखाद्याच्या श्रद्धेला गाय चालणार नाही, एखाद्याच्या डुक्कर. पर्याय असतो, फक्त विचारलं पाहिजे. आईच्या पापुद्र्याला मात्र कुणी नकार दिल्याचं मी ज्या ज्या नर्सना विचारलं, त्यांच्या आठवणीत नव्हतं.

मृत्यूनंतर दिलेली माणसाची कातडीही आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या प्रयत्नांनी २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही झाली. ही कातडी मुख्यतः भाजलेल्यांसाठी जाते. दुसऱ्याची कातडी शरीर काही आठवड्यांत नाकारतं, पण तेवढ्या काळात माणूस वाचतो आणि त्याची स्वतःची कातडी घ्यायला सवड मिळते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, मांड्या आणि पाठीवरून कातडीचा फक्त वरचा पातळ थर घेतात. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती वर्षानुवर्षं टिकते.

१९९४ चा प्रत्यारोपणाचा कायदा मुळात अवयवांचा होता. २०११ च्या दुरुस्तीनं त्यात ऊतीही आल्या. त्यामुळे कातडी, हाड, पापुद्रा यांची विक्री गुन्हा आहे आणि पेढीला नोंदणी लागते. कायद्यानं हे दान ठरवलं आहे. प्रक्रियेचा खर्च घेता येतो, दानाची किंमत घेता येत नाही.

देणं

'देणं' या आपल्या शब्दात दिलेलंही येतं आणि फेडायचं राहिलेलंही येतं. या फिरस्तीत मला दोन्ही दिसलं. मांडी गालाला देते, पाय जबड्याला देतो, आणि जिथं स्वतःचं पुरत नाही, तिथं कधीही न भेटणारी बाई आपल्या बाळाची पांघरलेली शाल देऊन जाते. तिला कळतही नाही की ती शाल कुणाच्या मांडीवर, कुणाच्या मानेवर अंथरली गेली.

या दानाला अडसर पैशाचा फारसा नाही. अडसर आहे न विचारण्याचा. बहुतेक बाळंतिणींना वार देता येते, हे कुणी सांगतच नाही. खुब्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या आजोबांना काढलेल्या हाडाचं काय होतं, हे ठाऊक नसतं. त्वचेचं दान म्हटलं की घरचे घाबरतात, कारण देह सोलला जाईल असं त्यांना वाटतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात बाळंतपण असेल, कुणाचा सांधा बदलायचा असेल, तर डॉक्टरांना आधीच विचारा: इथून टिश्यू बँकेला काही देता येईल का? घरात मृत्यू झाला तर रडता रडता एक फोन त्वचापेढीला करा. सहा तास हाताशी असतात. आणि खिशातली पुडी आज टाका, कारण कुठल्याही पेढीतलं कुठलंही पांघरूण स्वतःच्या धडक्या गालाइतकं चांगलं नसतं.

मावशींच्या नवऱ्याच्या मानेचं छिद्र बुजवायला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूच्या छातीचं मांस आणायचं ठरलं होतं. मांडीवरून कातडीही घ्यायची होती. मांडीच्या त्या जखमेवर काय ठेवणार, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "कुण्या लेकुरवाळीचं असतंय म्हणे. डॉक्टरनं सांगितलं. देव तिचं लेकरू सुखी ठेवो."